काचेतलं उंबर

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या मार्चमधली गोष्ट. परभणीत वसमत रोडच्या बाजूला आमचं घर आहे. दुपारची जेवणं उरकून मी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात हॉलच्या खिडकीवर कुणी लिंबू फेकून मारावं तसा आवाज आला. पोरांचा चेंडू असेल म्हणून मी कूस बदलली. नात मात्र बाहेर पळाली आणि तिथूनच ओरडली, "आबा, तांबट पडलाय!"

तांबट पक्षी तुम्ही पाहिला नसेल, पण ऐकलेला नक्की आहे. उन्हं तापायला लागली की झाडात बसून दिवसभर टुक् टुक् टुक्, भांड्याला ठोके घालावेत तसं. अंग पानासारखं हिरवं, म्हणून सहसा नजरेला पडत नाही. आमच्या दारात उंबर आहे, त्याच्या फळांसाठी तो येतो. आता तो खिडकीच्या काचेवर आदळून फरशीवर पडलेला. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले.

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं कांदा फोडून नाकाशी धरा. कुणी हात लावून पाहिला आणि म्हणालं, "अंग केवढं तापलंय, ओली पट्टी ठेवा." शेजारच्या काकू तर तांब्या घेऊनच आल्या. "पाणी पाजा की त्याला, मरायलंय ते!"

काकूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माणूस पडला की आपण आधी पाणीच आणतो. पण पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतणं म्हणजे त्याला मारणंच. त्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागंच असतं. शुद्धीत नसताना ओतलेलं पाणी पोटात जात नाही, फुप्फुसात उतरतं. दाणा भरवणं, दूध घालणं, हेही नको. तापाचं म्हणाल, तर पक्ष्याचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं. आपल्या हाताला तो तापलेला लागतो, पण तो ताप नव्हे.

मग करायचं काय? फार थोडं, आणि तेवढं करून बाजूला व्हायचं.

बुटाचा रिकामा खोका घ्या. झाकणाला आधीच भोकं पाडा. पक्षी आत ठेवल्यावर खोक्याला टोचत बसू नका. आत जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं फडकं अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात. कापूसही नको. डोक्यावर हंडा घेताना करतो तशी फडक्याची छोटी चुंबळ करून ठेवली, तर पक्षी तिच्यात सरळ बसून राहतो, कलंडत नाही. उचलताना अंगावर पंचा टाका आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या. छाती दाबू नका. आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, त्याला नसतं. छातीचं हाड पुढंमागं हललं तरच त्याला श्वास घेता येतो. घट्ट धरलंत, तर मायेनंच गुदमरेल बिचारा.

माणसानं शिवलेली चिमणी बाकीच्या चिमण्या वाळीत टाकतात, असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. तसं काही नसतं. गरज आहे तिथं बिनधास्त हात लावा, नंतर तेवढा धुवा.

झाकण लावलेला खोका घरातल्या गार, शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. पंख्याखाली नको, कूलरच्या झोतात नको, आणि मांजराचा तर वाराही नको. काळोखात पक्षी शांत होतो, धडपडत नाही. डोकं आपटलेल्या जिवाला तीच विश्रांती. नातीला दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघायचं होतं. तिला आवरणं हे त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम होतं.

साधारण अर्ध्या तासानं खोका अंगणात नेऊन झाकण काढा. घरात उघडलात तर तो पुन्हा काचेवर, नाहीतर पंख्यावर जाईल. उडाला नाही तर झाकण लावून आणखी वेळ द्या. संध्याकाळ झाली तर रात्रभर तसाच राहू द्या, पहाटे सोडा. 2 तासांनंतरही उभा राहत नसेल, एक पंख लोंबत असेल, मान वाकडी होत असेल, चोचीतून रक्त येत असेल, तर जनावरांचा दवाखाना गाठा. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. वन विभागाचा फोन 1926. पिंजऱ्यात ठेवून घेऊ म्हणाल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. हे मला नातीलाही सांगावं लागलं.

आमचा तांबट पाऊण तासानं उडाला. पण उडाला म्हणजे वाचलाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आतला मार काही वेळा नंतर जीव घेतो.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं उन्हानंही पक्षी पडतात, तेव्हा आधी काच पाहा. धुळीचा ठसा किंवा चिकटलेलं पीस दिसलं, तर आदळलाय. होला आदळला तर काचेवर पंखांसकट त्याचं चित्रच उमटतं. उन्हानं पडलेला झाडाखाली, पंख अंगापासून सैल सोडून धापा टाकत असतो. त्याला सावलीत ठेवून उथळ परळात पाणी समोर ठेवा. पिईल त्याचा तो.

माझ्या आजोळी माळवदाचं घर होतं. भिंती दीड हात जाड, खिडकी वीतभर, तिला लाकडी गज. तिथं कुठला पक्षी आदळणार? आता ऊन आत येऊ नये म्हणून आपण खिडक्यांना काळी फिल्म लावली आणि बाहेरून त्यांचा आरसा झाला. तांबटाला त्यात दुसरं उंबर दिसलं, तो त्या उंबरावर बसायला गेला. आतून पडदा ओढून उपयोग नाही, प्रतिबिंब बाहेरच पडतं. ससाण्याचं एखादं स्टिकर चिकटवलं तर पक्षी तेवढं टाळून शेजारच्या काचेवर धडकतो. बाहेरून मच्छरदाणीची जाळी ताणून लावली तर उत्तम.

आम्ही वेगळंच केलं. सौभाग्यवतींनी चुना कालवला आणि काचेवर बाहेरून 2-2 इंचांवर ठिपके दिले, संक्रांतीच्या रांगोळीला देतात तसे. नातीला ते जोडायचे होते. मग तिनं मधोमध एक कासव काढलं, जरा तिरपं. पहिल्या पावसात सगळं धुऊन गेलं. तेव्हापासून चुन्याचा डबा खिडकीखालीच ठेवलाय. नमस्कार.