या फोटोत तू कोण?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर केलं आहे. मागच्या रांगेतून आलेले टोमणे वगळले आहेत.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी माझी ओळख 'क्रीडाप्रेमी' अशी करून दिली. प्रेम एकतर्फी आहे, एवढं आधीच सांगून टाकतो. कॉलेजात तीन वर्षं मी क्रिकेटच्या संघात होतो आणि त्या तीन वर्षांत मैदानावर नेमाने उतरलो, पाण्याच्या बाटल्या घेऊन.

आजचा विषय 'क्रीडाक्षेत्रातील स्त्रियांचे मैलाचे दगड'. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये एकही बाई नव्हती, १९०० ला पॅरिसमध्ये ९९७ खेळाडूंत २२ जणी, २०२४ ला त्याच पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांना जागा निम्म्या-निम्म्या. अशी छान सनावळी मी काढून ठेवली होती. पण पंधरा दिवसांपूर्वी धाकटीने घोळ घातला.

धाकटी नऊ वर्षांची. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने एक फोटो छापून आणला. तुम्ही बहुतेकांनी तो पाहिला असेल. १९६७, बॉस्टन मॅरेथॉन. २६१ नंबर लावलेली कॅथरीन स्विट्झर धावतेय. एक वयस्क गृहस्थ मागून येऊन तिचा नंबर ओरबाडायला बघतोय. एक दांडगा तरुण त्या गृहस्थाला ढकलतोय. आणि आजूबाजूला बाकीचे पुरुष धावताहेत.

मी लगेच मास्तर झालो. तिने अर्जात फक्त 'के. व्ही. स्विट्झर' लिहिलं होतं. ढकलणारा तिचा मित्र, हातोडाफेक करणारा. ओढणारा जॉक सेम्पल, आयोजकांपैकी एक. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, या फोटोत तू कोण?"

म्हटलं, "अगं, माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा."

"असतास तर?"

मी अर्थातच ढकलणारा झालो. तेवढ्यात आतल्या खोलीतून थोरलीचा आवाज आला, "काहीही!"

त्या 'काहीही'वरून आमच्या घरी जे झालं ते सगळं सांगत नाही, बायको दुसऱ्या रांगेत बसली आहे. पण थोडं सांगावंच लागेल. थोरली आता सोळाची. चौदा वर्षांची होईपर्यंत ती धावायची. ८०० मीटर. मग सुटलं. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी सराव, परत यायला अंधार, अभ्यास, गुडघा दुखतो म्हणाली होती एकदा. मी काय म्हणालो होतो? "जरा दमानं घे. या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू." मी 'नाही' कधीच म्हटलं नाही. तेवढं मी त्या रात्री पुन्हा पुन्हा सांगत होतो, आणि दर वेळी ते आणखी केविलवाणं वाटत होतं.

म्हणून मग सनावळी बाजूला ठेवली आणि ८०० मीटरचंच काय झालं होतं ते शोधत बसलो.

सुरुवात होते एका फ्रेंच बाईपासून, अ‍ॅलिस मिलिया. ऑलिंपिकमध्ये बायकांना धावू द्या म्हणून ती मागे लागली. नकार आला. तर तिने १९२२ मध्ये पॅरिसला बायकांचं स्वतःचं वेगळं ऑलिंपिक भरवलं! मंडळी, पटलं नाही की वेगळं मंडळ काढायचं, हा गुण केवळ मराठी नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. 'ऑलिंपिक' शब्द वापरला म्हणून मूळ मंडळ चिडलं, वाटाघाटी झाल्या, आणि १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये बायकांना अ‍ॅथलेटिक्सच्या पाच स्पर्धा मिळाल्या. त्यातली एक ८०० मीटर.

अंतिम फेरीत नऊ जणी होत्या. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, जागतिक विक्रम. नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. शेवटी काही जणी दमून गवतावर पडल्या. ८०० मीटर जीव तोडून धावल्यावर माणूस पडतोच, पुरुषही पडतात. मी तर इथल्या पार्किंगपासून चालत आलो तेव्हा पडायच्या बेतात होतो. पण वर्तमानपत्रांत छापून आलं की बायका पटापट कोसळल्या, हे अंतर त्यांना झेपणारं नाही. शर्यत काढून टाकली. ती परत आली १९६० ला, रोममध्ये. ३२ वर्षं!

ही बंदी घालणारे स्वतःला बायकांचे शत्रू मानत नव्हते. सगळ्यांना काळजी होती. मी वाचत गेलो तसतशी जिकडेतिकडे काळजीच सापडत गेली. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलला बायकांचा फुटबॉल सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना अगदी अयोग्य, क्लबांनी मैदानं देऊ नयेत. जवळजवळ ५० वर्षं दिली नाहीत. बॉबी गिबने १९६६ ला बॉस्टनसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं की बाईच्या शरीराला मॅरेथॉन झेपत नाही. ती झुडपात लपून बसली, धावणारे आले तशी त्यांच्यात घुसली आणि पुरी करून दाखवली. पुढच्या वर्षी, त्या फोटोच्याच शर्यतीत, ती पुन्हा होती आणि स्विट्झरच्या जवळजवळ तासभर आधी पोहोचली. तिला कोणी ओढलं नाही म्हणून तिचा तसा फोटो नाही.

आता ८४ सालाबद्दल, म्हणजे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं ऑलिंपिक कांस्य हुकलं त्या सालाबद्दल. इथे माझ्या वयाचे जे आहेत त्यांना त्या एक शतांश सेकंदाबद्दल मी काय सांगणार? ५५.४२. आजही कोणी उषाचं नाव काढलं की आपण तिच्यासोबत छाती पुढे काढतो, जणू आपण काढली असती तर कांस्य आलं असतं. पण एक गोष्ट मला परवापर्यंत माहीत नव्हती. बायकांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा झाली. बायकांची मॅरेथॉनही त्याच वर्षी पहिल्यांदा. एक शतांश सेकंदासाठी आपण चाळीस वर्षं हळहळतोय. ती शर्यत मुळात इतकी वर्षं नव्हतीच, त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

बायकांचा क्रिकेट विश्वचषक मात्र पुरुषांच्या दोन वर्षं आधी, १९७३ लाच झाला. हे मी आमच्या क्रिकेटवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं तर दोघांनी 'फेक न्यूज' म्हणून उत्तर दिलं. तेच दोघं २ नोव्हेंबर २०२५ ला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतल्यावर, 'आपल्या पोरी! आपल्या पोरी!' करत होते. मीही करत होतो. खोटं कशाला बोलू, डोळे पुसत होतो.

पण मंडळी, रागावू नका, आपल्या मंडळाच्या क्रीडादिनाला काय असतं? पुरुषांचं क्रिकेट तीन गटांत, दोन दिवस, पंच बाहेरून आणलेले. महिलांसाठी संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. गेल्या वर्षी चार मुलींनी क्रिकेटसाठी नावं दिली. त्यांना गुणलेखनाला बसवलं, ऊन लागू नये म्हणून मंडपात. समितीत मी होतो. मंडपाची कल्पना माझीच. तेव्हा मला ती फार प्रेमळ वाटली होती.

जॉक सेम्पलची गोष्ट राहिली. ती मला फार जवळची वाटायला लागली आहे. त्या शर्यतीवर त्या माणसाचा जीव होता. १९७२ ला बायकांना बॉस्टनमध्ये रीतसर प्रवेश मिळाला आणि १९७३ ला सुरुवातीच्या रेषेपाशी त्याने जाऊन स्विट्झरच्या गालाचा मुका घेतला. त्याचाही फोटो आहे. मी तो मोठ्या आशेने थोरलीला नेऊन दाखवला. तिने नीट पाहिला. म्हणाली, "सहा वर्षांनी?"

धाकटीचा प्रकल्प शाळेत जमा झाला. फोटोखाली तिने बाण काढून सगळ्यांची नावं लिहिली आहेत. मागे धावणाऱ्या, समोर बघत राहिलेल्या एका माणसाला तिने बाण काढलाय, पण नाव लिहिलेलं नाही. मी विचारलं नाही.

परवा गॅरेजमध्ये थोरलीचे स्पाइक्स सापडले. दोन नंबरांनी लहान झालेत. तिला विचारलं, नवे घ्यायचे का? ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो ते मला पक्कं ठाऊक आहे. तो शब्द तिने माझ्याकडूनच उचललाय.