बुडी मारलेली टिबुकली

(पहाट. नांदूरमध्यमेश्वरचं पाणी, त्यावर धुकं.)

निफाडची थंडी हाडात शिरते. चापडगावच्या मनोऱ्यावर आम्ही दुर्बिणी लावून पक्षी मोजतोय. समोर गोदावरी-कादवेचं पाणी पसरलंय. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा.

वारकरी पक्षी मोजता येतात, ते पाण्यावर बसून असतात. टिबुकली हा पाणपक्षी मात्र मुठीएवढा, सतत बुडी मारणारा. तीन मोजून चौथीकडे वळावं, तर दुसरी गडप. आता वर आली ती नवी की तीच?

(समुद्र. वरून दिसणाऱ्या लाटा.)

हाच पेच युरोपाजवळच्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) पॉरपॉइज मोजणाऱ्यांपुढे असतो. डॉल्फिनचा हा जेमतेम दीड मीटरचा भाऊबंद श्वासापुरता वर येतो आणि जातो. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून तो मरतो. किती मेले, याला अर्थ येतो तो एकूण किती आहेत हे कळल्यावरच.

मोजणीचं विमान सुमारे ६०० फुटांवरून, आखलेल्या सरळ रेषांवर उडतं. फुगीर खिडक्यांतून दोन्ही बाजूंना निरीक्षक पाहतात. पॉरपॉइज दिसला की कोन मोजायचा, त्यावरून अंतर निघतं. द्राक्षबागेत ओळीतून चालताना जवळचे घड दिसतात, लांबचे पानांआड जातात, तसंच इथं. अंतरागणिक दिसणं किती घटतं, त्यावरून नजरेतून निसटलेल्यांचा हिशोब होतो.

पण रेषेच्या थेट खाली असूनही बुडालेले? त्यासाठी विमान गिरकी घेऊन रेषेच्या त्याच तुकड्यावरून पुन्हा जातं. आधीचे किती परत दिसले, यावरून एका फेरीत किती हुकतात ते उमगतं. मला हे फार आवडतं. न दिसलेल्यालाही इथं मोजणीत जागा आहे.

उत्तर समुद्रातले अंदाज असे: १९९४ मध्ये सुमारे २ लाख ८९ हजार, २००५ मध्ये ३ लाख ५५ हजार, २०१६ मध्ये ३ लाख ४५ हजार. प्रत्येक आकड्याभोवती अनिश्चिततेचा पट्टा इतका रुंद, की वाढ झाली असं म्हणवत नाही. पण नकाशा पाहा. १९९४ ला दाटी उत्तरेकडे होती, २००५ मध्ये ती दक्षिणेला सरकली. नुसत्या बेरजेत हे कधीच दिसलं नसतं.

(पुन्हा मनोरा. वही, पेन्सिल.)

आज आम्ही दोघांनी, एकमेकांशी न बोलता, तीच पाच मिनिटं तोच कोपरा पाहिला. वेळ आणि जागा टिपली. मला नऊ टिबुकल्या दिसल्या, जोडीदाराला अकरा. त्यांतल्या सात दोघांच्याही यादीत होत्या.

जोडीदाराच्या अकरांपैकी मला सात दिसल्या; मग एकूणातल्याही मला तेवढ्याच प्रमाणात दिसल्या असणार. म्हणून नऊ गुणिले अकरा, भागिले सात. वहीत लिहिलं : अंदाजे चौदा.