शहर ऐकू येतं का?

(पुण्यात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 'पुण्यातलं चांगलं रेडिओ स्टेशन कुठलं?' असं कुणालाही विचारा. साठी ओलांडलेला माणूस म्हणतो, 'आता कुठे राहिलंय पूर्वीसारखं!' तिशीच्या आतला म्हणतो, 'गाडीत लागलेलं असतं ते.' स्टेशनबद्दल दोघंही काहीच सांगत नाहीत. पहिला आपल्या तरुणपणाबद्दल बोलतो, दुसरा ट्रॅफिकबद्दल.

तिसरं उत्तर होर्डिंगवर असतं : 'पुण्यातलं नंबर वन.' हे कुणी मोजलं? आपल्याकडे २००७ साली 'रॅम' नावाची श्रोतेमोजणी सुरू झाली. निवडक घरांत डायऱ्या द्यायच्या आणि कोण काय ऐकतं ते त्यांनी लिहून ठेवायचं, अशी पद्धत होती. ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चार शहरांत चालायची. पुणे त्यात नव्हतं. त्यामुळे आपल्याकडच्या 'नंबर वन'ला चिमूटभर मीठ लावूनच घ्यावं. आणि मोजणी झाली असती तरी त्यातून किती जण ऐकतात एवढंच कळलं असतं. काय ऐकायला मिळतं, हा प्रश्न वेगळाच.

माझी पद्धत अगदी साधी आहे. वही घ्या, पानावर मधोमध रेघ मारा आणि कुठलंही एक स्टेशन तासभर ऐका. जे नागपूरला किंवा इंदूरला जसंच्या तसं वाजवता आलं असतं ते डावीकडे लिहा. जे फक्त पुण्यालाच लागू आहे ते उजवीकडे. हिंदी गाणं डावीकडे जाईल. सासू-सुनेचा विनोद डावीकडे. नट-नटीची मुलाखत डावीकडे. 'सगळीकडे ट्रॅफिक आहे, सांभाळून चालवा' हेसुद्धा डावीकडेच, कारण ते कुठल्या शहरात खरं नाही?

उजव्या रकान्यात यायला निवेदकाला शहर ठाऊक असावं लागतं. 'वडगावला झाड पडलंय' असं तो म्हणाला, की ओळखा, त्याला शहर ठाऊक नाही. कुठलं वडगाव? वडगाव शेरी नगर रस्त्याला, वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्याला. एक शहराच्या या टोकाला, दुसरं त्या. ऐकणाऱ्याने गाडी कुठून वळवायची? ज्याला हा घोटाळा कळतो, तो न विचारता पूर्ण नाव सांगतो. निवेदक पारखायला मला तेवढं पुरतं. त्याचा आवाज गोड आहे की नाही हे मी नंतर बघतो.

आता आकाशवाणी. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ. आणि दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, या केंद्राने गीतरामायण सुरू केलं. दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षाहून थोडं अधिक काळ, एकूण ५६. कल्पना केंद्राच्याच सीताकांत लाडांची, शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. गाणाऱ्यांत माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. हे मी आठवणींचे कढ काढायला सांगत नाही. स्टेशन नुसतं वाजवतं की काही घडवतंही, हा माझ्या दृष्टीने मोठा प्रश्न आहे, आणि त्याचं इतकं भक्कम उत्तर दुसऱ्या कुठल्या केंद्राने दिल्याचं मला तरी आठवत नाही. पण त्या पुण्याईवर आजच्या प्रसारणाला गुण देणं बरोबर नाही. पणजोबा पैलवान होते म्हणून पणतूला गदा देत नाहीत.

सकाळी सात दहाच्या प्रादेशिक बातम्या मी अजून ऐकतो. स्वच्छ मराठी, आरडाओरडा नाही, दहा मिनिटांत राज्य डोळ्यांसमोर. पण वहीत मात्र त्या डावीकडे जातात! त्या साऱ्या महाराष्ट्राच्या बातम्या आहेत. पुण्याच्या वाट्याला त्यातलं एखादं वाक्य येतं, कधी तेही नाही. मलाही हे लिहिताना जड जातं, पण रेघ ती रेघ.

खासगी एफएमवाल्यांवर टीका करणं सोपं आहे, म्हणून आधी त्यांची बाजू. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा दिली, त्यापलीकडे नाही. ताशी १० मिनिटं बातम्यांना परवानगी द्यावी, अशी शिफारस 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२३ मध्ये केली. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालय १९९५ सालीच म्हणालं होतं. त्या लहरींवर वर्तमानपत्राइतकंही बोलता येऊ नये, हे मला विचित्र वाटतं.

पण आता त्याच धोरणाची दुसरी बाजू बघा. वाहतूक, हवामान, स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा आणि निकाल, पाणी-वीज, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती त्यात बातमी धरलेलीच नाही. ती द्यायला पूर्ण मोकळीक आहे. शहराला रोज लागणारं जवळजवळ सगळं या यादीत येतं! भिडे पूल पाण्याखाली गेला, नदीपात्रातला रस्ता बंद झाला, पालखी आज कुठल्या रस्त्याने येणार, कुठल्या पेठेत उद्या पाणी नाही, हे सगळं सांगता येतं. मग 'आम्हाला बातम्या द्यायची बंदी आहे' हे कारण अर्ध्या वाटेपर्यंतच चालतं. पुढची अर्धी वाट खर्चाची आहे. माणूस ठेवावा लागतो, त्याने पाटबंधारे खात्याला फोन करावा लागतो. देशभरातून एकच कार्यक्रम आणून लावणं त्याहून स्वस्त पडतं.

सामुदायिक रेडिओचं, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या स्टेशनचं, गणित आणखी वेगळं. १०० वॉटचा ट्रान्समीटर, ३० मीटरपर्यंत अँटेना, पाच-दहा किलोमीटरची पोहोच. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे. ती कात्रजला ऐकू आली नाही म्हणून तिला नापास करणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्या लोकांना घेऊन तिथेच केलेले हवेत, असा या स्टेशनांना नियम आहे. म्हणून इथे मी रकाने बदलतो आणि कोण बोलतंय ते लिहितो. तज्ज्ञ बोलतोय आणि बाई ऐकतेय, की बाई स्वतः बोलतेय? सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनी या सामुदायिक रेडिओबद्दल कुणी भेटला की मी हेच विचारतो. मोठ्या शहरातली सामुदायिक स्टेशनं पुष्कळदा कॉलेजच्या आवारात असतात, आणि मग 'समुदाय' म्हणजे पत्रकारिता विभागाचं दुसरं वर्ष, एवढाच उरतो. आवाजाची सफाई थोडी कमी असली तरी मी गुण कापत नाही.

सफाईवरून आठवलं. खरखर ऐकू आली की लगेच स्टेशनला दोष देऊ नका. एफएम टेकडीआड अडखळतं. मोबाइलला हेडफोनची वायरच अँटेना असते, ती सरळ करा. मध्यम लहरींवर गुरगुर आली तर घरातला एलईडी दिवा किंवा चार्जर बंद करून बघा. मात्र गाण्यापेक्षा जाहिरात दुप्पट जोरात वाजत असेल, तर तो दोष स्टेशनचाच.

शेवटची कसोटी रात्रीची. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत भल्या सकाळी पाणी घुसलं. पाणी दिवसा ढवळ्या, निवेदक स्टुडिओत असतानाच चढेल, असा काही त्याचा नियम नाही. मध्यरात्री बऱ्याच स्टेशनांवर कम्प्युटर गाणी लावत असतो. तेव्हा तुमच्या आवडत्या स्टेशनला फोन करा आणि एवढंच विचारा : रात्री दोनला धरणातून पाणी सोडलं, तर माइक उघडायला तुमच्याकडे कोण असतं, आणि त्याला उठवायचा नंबर कुणाकडे आहे? जे उत्तर मिळेल ते त्याच वहीत लिहा. बाहेर टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, जाताना एकेक घेऊन जा.