आपली शेगडी

[दृश्य : परळ. पहाट. रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ.]

परळचं टाटा मेमोरिअल रुग्णालय. १९४१ सालापासून देशभरातून माणसं इथे येतात. बिहार, झारखंड, बंगाल, आपला मराठवाडा. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, कडेवर मूल, मुलाच्या तोंडाला मास्क.

डॉक्टर सांगतात, पोर बरं होऊ शकतं, पण उपचार लांबतील. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाची औषधं दोन-अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने रुग्णालयाच्या जवळच राहावं लागतं. आता, ज्याचं मुंबईत कुणीच नाही, त्याने जवळ म्हणजे कुठे राहायचं?

कित्येक कुटुंबं याच प्रश्नापाशी हरली. औषध हाताशी असताना मुलाला घेऊन गावी परतली.

गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखलं होतं. रोग्याबरोबर आलेल्या माणसालाही पाठ टेकायला जागा लागते, म्हणून त्यांनी जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटाला येणारे रुग्ण आजही उतरतात.

[दृश्य : स्वयंपाकघर. ओट्यावर ओळीने शेगड्या.]

२००६ साली श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची सुरुवात केली. कर्करोगाच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेली मुलं आणि त्यांचे आईवडील इथे विनामूल्य राहतात. प्रत्येक कुटुंबाला आपली वेगळी जागा. खेळायची, शिकायची जागा सगळ्यांची. स्वयंपाकघरही सगळ्यांचं, पण स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा.

हे स्वयंपाकघर नीट बघा.

तयार जेवणाचे डबे वाटणं सोपं गेलं असतं. पण केमोने, म्हणजे कर्करोगाच्या औषधांनी, मुलाचं तोंड आतून सोलवटलेलं असतं. तिखटाचा कण लागला तरी ते कळवळतं, फोडणीच्या नुसत्या वासाने ओकारी येते. आज त्याला काय गिळवेल, हे आईलाच कळतं. कधी मऊ भात, कधी नुसती पेज. शिवाय काउंट पडले, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, की जंतुसंसर्गाची भीती. तेव्हा अन्न ताजं, गरम, स्वच्छ हातांनी केलेलंच हवं.

आणि स्टेरॉइडचे दिवस! काल घासाला तोंड न लावणारं पोर रात्री अडीच वाजता उठून भात मागतं. औषधानेच लागलेली ही भूक सकाळपर्यंत थांबत नाही. अशा वेळी स्वयंपाकघराला कुलूप असेल, तर त्या आईने काय करायचं?

सलाईन लावणं तिच्या हातात नाही, रिपोर्ट तिला वाचता येत नाही. पण भात तिला करता येतो. माझ्या मते, आजारी मुलाच्या घराचा नकाशा इथून काढायला घ्यावा.

[दृश्य : खाटेवर पडलेल्या मुलाच्या नजरेतून छत.]

आपण मात्र बहुतेकदा भिंतींपासून सुरुवात करतो. कार्टून रंगवली की मुलांचा वॉर्ड झाला. चार वर्षांच्या मुलाला ती आवडतातही. पण चौदा वर्षांच्या मुलीचे केस गळालेले असतात. तिला ओढून घेता येईल असा पडदा हवा असतो, आणि आरसा खाटेसमोर नको असतो.

शिवाय आडव्या पडलेल्या मुलाला दिसतं ते छत. फिनलंडमध्ये आल्व्हार आल्टो या वास्तुरचनाकाराने पायमिओचं क्षयरोग रुग्णालय बांधलं, ते १९३३ साली पूर्ण झालं. तिथे त्याने खोल्यांच्या छताला शांत हिरवा रंग दिला. दिवे असे बसवले की झोपलेल्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये. हात धुण्याचं भांडंही असं घडवलं की शेजारच्या खाटेवरच्या माणसाची पाण्याच्या आवाजाने झोपमोड होऊ नये.

आपल्या वॉर्डात रात्रभर डोळ्यांवर ट्यूबलाइट असते. ती खाटेमागे सरकवायला कितीसा खर्च येतो?

नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तच्या प्रिन्सेस माक्सिमा केंद्रात, २०१८ पासून मुलाच्या खोलीला लागूनच आईवडिलांची खोली असते. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी आई खाटेखाली चटईवर निजते आणि बाप जिन्यात.

[दृश्य : रात्र. स्वयंपाकघर. एकच शेगडी पेटलेली.]

अडीच वाजलेत. कुकरची शिट्टी झाली तर बाकीची मुलं उठतील, म्हणून ती पातेल्यातच भात शिजवते आहे. टक्कल झालेलं पोर ओट्याला टेकून उभं आहे, पातेल्यावरचं झाकण कधी निघतंय याची वाट बघत.