खाल्लेलं अंगी का लागत नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

"बाळ खातं, पण अंगी लागत नाही." अंगणवाडीत वजनाच्या दिवशी हे हमखास कानावर येतं. आईला वाटतं दृष्ट लागली, आजीला वाटतं दूध पुरत नाही. घास कमी पडतो, हे कारण खरंच असतं. पण हंड्यातलं पाणी आणि अंगणातली माती यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

लहान आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखे बारीक धागे असतात. अन्नरस तेच शोषतात. विष्ठेतले जंतू रोज थोडेथोडे पोटात जात राहिले, की हे धागे आखूड आणि बोथट होतात, आतड्याचं अस्तर पाझरू लागतं. मग अन्नातली ताकद वाढीला लागण्याऐवजी जंतूंशी झगडण्यात खर्च होते. यात जुलाब होतीलच असं नाही. बाळ हसतं, खेळतं, पण उंची खुंटते. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे पुरती भरून निघणं फार कठीण.

आता विहिरीचं बघू. टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनने पाण्यातले जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकली असं सगळीकडे सांगतात, पण कशी टाकली हे विचारा. कोरडी पावडर वरून भिरकावली, तर ती नीट मिसळत नाही आणि पावडरीतला चुना विहिरीत जातो. आधी पाणी मोजायचं. विहिरीचा व्यास 4 मीटर आणि पाण्याची खोली 3 मीटर असेल, तर पाणी भरतं सुमारे 38 हजार लिटर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची पावडर किमान अडीच ग्रॅम, म्हणजे इथे 95 ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते. बादलीत पावडरीची पेस्ट करून पाऊण बादली पाणी घालायचं, ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली, आजूबाजूला हिसके द्यायचे. त्यानंतर निदान एक तास पाणी शेंदायचं नाही. रात्री शेवटचा हंडा भरून झाल्यावर हे काम केलेलं सगळ्यात बरं.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का हे ओटी नावाचं द्रावण टाकून बघायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन उरलंय. रंगच आला नाही, तर पावडर कमी पडली किंवा पोतं उघडं राहून तिचा दम गेला. दमट खोलीत ठेवलेली पावडर वजनाला तेवढीच भरते, ताकद मात्र संपलेली असते.

एवढं करून आणलेलं पाणी घरात पेल्याबरोबर बोटं बुडवून काढलं, तर सगळी मेहनत वाया. लांब दांड्याचा डाव किंवा तोटीचं पिंप हवं.

बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज तर फारच घातक. ती उकिरड्यावर नको, शौचालयातच टाकायची. दुपटी विहिरीच्या कट्ट्यावर धुवायची नाहीत. आणि हात साबणाने धुवायचे, बाळाला भरवण्याआधीसुद्धा. झिंबाब्वेच्या खेड्यांत संशोधकांनी लहान बाळांवर तासन्‌तास नजर ठेवली, तेव्हा बाळं माती आणि कोंबडीची विष्ठाही तोंडात घालताना दिसली. आपल्या अंगणातही कोंबड्या आणि रांगतं बाळ एकाच जागी असतात. कोंबड्या खुराड्यात, बाळ धुतलेल्या चटईवर, एवढं तरी करता येतं.

मात्र नुसतं शौचालय बांधलं की कुपोषण संपलं, असं कुणी सांगितलं तर मानू नका. बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. पाणी, शौचालय आणि हात धुणं एकत्र दिलेल्या गटात जुलाब कमी झाले, पण मुलांची उंची वाढली नाही. आहाराचा सल्ला आणि पूरक आहार मिळालेल्या मुलांची उंची थोडी वाढली. यावरून पाणी बिनमहत्त्वाचं ठरत नाही. घराघरातल्या छोट्या उपायांनी भोवतालची घाण पुरेशी हटत नाही, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो. घास हवाच, आणि सगळ्या वस्तीची स्वच्छताही हवी.

जुलाब झालेच, तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर क्षार जास्त होतात, बाळाला अपाय होतो. कालवलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी: सहा महिन्यांखाली रोज 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20. अंगावरचं दूध आणि खाणं बंद करू नका. आणि बरं वाटल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या. आजारात झडलेलं वजन त्याच दिवसांत भरून निघतं.