तिळ्याचे पातेले

(दृश्य: वेताळ टेकडी, पहाट)

पहाटेचे पावणेसहा वाजले आहेत. वेताळ टेकडीच्या चढावर पुढे तिळ्या आहे आणि मागे, दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून, जवळजवळ ओढले जाणारे आजोबा आहेत. तिळ्या चार वर्षांचा, २८ किलो वजनाचा डाल्मेशियन आहे. त्याचे पूर्वज युरोपात घोडागाड्यांच्या बरोबरीने मैलोन्‌मैल धावत असत. कोथरूडच्या दोन खोल्यांत राहायला आल्याने ती सवय अंगातून गेलेली नाही. टेकडीवर मोर असल्यामुळे त्याला मोकळे सोडत नाहीत. सपाटीवर वीस फुटांची दोरी पूर्ण उलगडली, की तो तिच्या टोकाशी रिंगण धरतो. आजोबांचे वय ६८ आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर)

साडेसातला शेगडीवर दोन पातेली चढतात, एक घरच्या आमटीचे आणि एक तिळ्याचे. सूनबाई तांदूळ गुरगुट्या शिजवतात, त्यात किसलेला दुधी आणि गाजर घालतात, उकडलेली अंडी कुस्करतात, थोडे पनीर मिसळतात आणि मग इतके पाणी ओततात, की हा भात आहे की पेज, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा. कांदा, लसूण आणि मीठ या पातेल्याच्या वाटेला जात नाहीत. अंडी किती, पनीर किती, कॅल्शियमची पूड किती, हे पशुवैद्यांनी लिहून दिले आहे. तो कागद फ्रिजच्या दारावर आहे आणि एव्हाना त्यावर हळदीची बोटे उमटली आहेत.

एवढे पाणी कशासाठी? मांसातील, विशेषतः कलेजी, गुर्दा आणि तारलीसारख्या मासळीतील प्युरीन या घटकापासून शरीरात युरिक आम्ल तयार होते. इतर कुत्र्यांचे यकृत त्याचे सहज विरघळणाऱ्या द्रव्यात रूपांतर करते. डाल्मेशियनच्या यकृतात मात्र ते आम्ल नीट शिरतच नाही. ते लघवीत उतरते, आणि लघवी दाट झाली की त्याचे खडे धरतात. प्रत्येकाला खडे होतात असे नाही, पण नराचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने खडा अडकण्याचा धोका त्यालाच अधिक. म्हणून पेज पातळ, पाण्याची भांडी तिन्ही ठिकाणी भरलेली, आणि दिवसातून पाच वेळा जिना उतरणे. ‘कुत्र्याला ताकदीसाठी कलेजी घाला’ हा शेजारचा प्रेमळ सल्ला या घराने हसून परतवला आहे.

हा दोष या जातीच्या रक्तातच मुरलेला आहे. रॉबर्ट शाइबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी संकर घडवून दोषमुक्त वंशाची सुरुवात केली. त्या वंशाला अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळायला २०११ साल उजाडले. पिल्लू विकत घेताना ठिपके मोजणारे गिऱ्हाईक यकृताची चौकशी करत नाही, आणि विकणाराही ती आपणहून सांगत नाही.

(दृश्य: दाराशी तिळ्या, गळ्यात नवा पट्टा)

तिळ्याही असाच दोन महिन्यांचा असताना विकत घेतला गेला होता. तीन वर्षांनी लघवी अडली, शस्त्रक्रिया झाली आणि महिन्याभरात तो निवाऱ्यात आला. या कुटुंबाने दत्तक घेण्यापूर्वी तीन रविवार निवाऱ्यात जाऊन त्याला फिरवले, खाण्याचा कागद आधी मागून घेतला, आठवडाभर तो स्वयंपाक करून पाहिला आणि मगच अर्जावर सही केली. पहिल्या भेटीचे चित्रण आजोबांच्या नातीने फोनवर केले होते. ते आता दिसेल.

(दृश्य: फोनवरील चित्रण, आवाज मूळ)

(दृश्य: परतीचा रस्ता, संध्याकाळ)

संध्याकाळच्या फेरीत वाटेवर मटणाचे दुकान लागते. तिथला वास तिळ्याला लांबूनच येतो आणि त्याची मान वर होते. दुकान पन्नास पावलांवर आले, की आजोबा दोरी आखडून घेतात आणि रस्ता ओलांडतात.