शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच देत नाही

अध्यक्ष महाशय, बालवाडीच्या आणि अंगणवाडीच्या ताई, आणि दाराशी उभे असलेले बाबालोक, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. पत्रिकेत विषय ‘अंकओळखीचे खेळ’ असा छापलाय. खेळांकडे येतेच. आधी शेंगांची गोष्ट ऐका, ती सांगितल्याशिवाय माझं पुढं सरत नाही.

आमच्या वडगावात शेजारी एक पोरगा आहे, एलकेजीतला. त्याची आई म्हणाली, “बाई, आमचा शंभरपर्यंत म्हणतो.” म्हणाला की! वनपासून हंड्रेडपर्यंत, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. पुढ्यात सूपभर ओल्या शेंगा होत्या. म्हटलं, “बाळा, मला पाच शेंगा दे.” त्यानं दोन्ही मुठी भरून दिल्या. “पाच आहेत?” “हो.” “मोज बघू.” मोजायला लागला, तर बोट एका शेंगेवर आणि तोंड भलत्याच आकड्यावर. एक शेंग दोनदा मोजली, एक तशीच राहिली. अकरावर थांबला. “मग किती झाल्या?” तर पुन्हा वनपासून सुरू! आई ओशाळली. मी म्हटलं, ओशाळू नका, पोर हुशार आहे, या वयात असंच असतं. शेंगा मात्र मी घरी नेल्या. (हशा)

हे मी मनचं सांगत नाही. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच आकडा. आकड्यांचा क्रम दरवेळी तोच. आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्या वस्तूंची संख्या. हे तिसरं आमच्या पोराला अजून उमगायचंय. आणि शाळा त्याला काय देते? रोज चार पानं आकडे लिहायला! पेन्सिल धरताना बोटं दुखतात त्या लेकराची. शाळेचं नाव सांगत नाही, उद्या मलाच बाजारात गाठतील.

त्यात आपल्या भागाची आणखी एक गंमत. घरच्या कॅलेंडरवर मराठी आकडे, शाळेत इंग्रजी, आणि बसच्या पाटीवर कधीकधी कानडी. मराठी १ बघून पोर नाईन म्हणतं, ४ बघून एट. त्याला चूक म्हणून खोडू नका, त्यानं आकार बरोबर ओळखलाय. एक म्हणू दे, ओंदु म्हणू दे, वन म्हणू दे, शेंग एकच उचलली म्हणजे झालं. आकड्याची ओळख करायची ती हातात तेवढ्या वस्तू आल्यावर, आणि लिहिणं त्याच्याही नंतर. माझं म्हणणं एवढंच आहे, तीस वर्षं तेच सांगतेय, आणि दरवेळी पालक मान डोलावून घरी जातात आणि चौरेघी वही आणतात. तारा…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच? बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काय केलं ते सांगणार होते, ते राहू दे.

खेळ भराभर सांगते. चिंचोके घासून दोन फाकी करा. अशा पाच फाकी फेका, पांढऱ्या बाजूनं पडल्या तेवढं दान. दोन-तीन पांढऱ्या पोरं न मोजता ओळखायला लागतात, ते मुद्दाम बघा.

दुसरा, पट्टी. जमिनीवर खडूनं एका ओळीत दहा घरं, आत एक ते दहा आकडे. सोंगटी तीनवर आहे, दान दोन पडलं, तर पोरानं “एक, दोन” नाही, “चार, पाच” म्हणत सरकायचं. सगळी गोम त्यातच. सीगलर आणि रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये असाच पट खेळवला, मुलांची संख्यांची समज वाढली. नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्यांची नाही. सापशिडी एवढ्यात नको, तिथं दर ओळीला दिशा उलटते.

तिसरा, दुकान. पैशांऐवजी आकड्याची चिठ्ठी द्यायची, दुकानदारानं तेवढ्याच शेंगा द्यायच्या, आणि गिऱ्हाइकानं मोजून घ्यायच्या. भांडण होणारच, होऊ दे, भांडताना दोघं पुन्हा मोजतात.

चौथा, पत्र्याचा डबा. पदराआड एकेक खडा टाकायचा, पोरांनी आवाज मोजून त्या आकड्याची चिठ्ठी उचलायची.

हो, उठलेच. तीन वर्षांच्या आतल्यांना चिंचोके देऊ नका, नाकात घालतात. त्यांना बटाटे द्या.